पाळीव मुंग्यांची शीतनिद्रा (नागपूर परिसर)

पाळीव मुंग्यांची शीतनिद्रा : थंडीत मुंग्यांच्या वसाहतीची हालचाल, खाणे आणि अंडी घालणे मंदावते किंवा थांबते, त्या अवस्थेला मुंग्या पाळणारे सरसकट ‘शीतनिद्रा’ म्हणतात. शब्द अस्वलावरून उचललेला आहे. मुंगी काही महिनोन्‌महिने झोपत नाही. तिच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेप्रमाणे बदलते आणि ते १० अंशांनी उतरले की शरीरातील क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. नागपुरात या विषयाचे महत्त्व थोडे उफराटे आहे. येथे मुंग्यांना निजवण्यापेक्षा त्यांना उगाच न निजवणे हेच खरे काम.

थंड प्रदेशांतील मुंग्यांना हिवाळी विश्रांती लागतेच. युरोपातली सर्वपरिचित काळी बागमुंगी (लासिअस नायजर) नोव्हेंबर ते मार्च ५ ते ८ अंशांत ठेवतात. कॅम्पोनोटस हर्क्युलिआनस या उत्तरेकडच्या मुंगळ्याचे ऋतुचक्र तर अंगातच भिनलेले असते. खोली उबदार ठेवली तरी राणी ठरावीक काळाने अंडी घालणे थांबवते. आपल्या अंगणातला काळा मुंगळा (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) त्याच प्रजातीगणातला, पण उष्ण प्रदेशात वाढलेला. थंडी पडली की तो सुस्तावतो, ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतो. भारतातही हिमालयातल्या फॉर्मिका किंवा मिर्मिका मुंग्यांची गोष्ट वेगळी. त्या नागपुरात आणून पाळण्याचा हट्ट कुणी धरू नये. परदेशी राण्यांचा तर प्रश्नच नको. केंद्र सरकारच्या २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार जिवंत कीटक परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत.

नागपूरची थंडी कडक असते, पण तिचा मुक्काम थोडा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते त्या सुमारास गारठा वाढू लागतो आणि संक्रांतीपर्यंत जोर धरून असतो. पहाटे १०–१२ अंश, दुपारी २८ असा रोजचा हेलकावा असतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. मात्र हे आकडे हवेचे आहेत. जमिनीत काही फूट खाली तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे पंचविशीच्या आसपास राहते. सेमिनरी हिल्सच्या उतारावरचे मुंगळे गारठा वाढला की खालच्या दालनांत उतरतात. फळीवर ठेवलेल्या काचेच्या नळीतल्या मुंग्यांना उतरायला खाली काहीच नसते. इथल्या पाळीव वसाहतींचे हिवाळ्यातले निम्मे दुखणे या एका फरकात आहे.

म्हणून परदेशी सल्ला वाचून मुंगळ्यांची नळी फ्रिजमध्ये ठेवणे ही सर्वांत घातक चूक. उष्ण प्रदेशातल्या मुंग्यांना आठवडेच्या आठवडे ४–५ अंश सोसत नाहीत. नळी घराच्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून उंच, जाड कापडात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवली की दिवसरात्रीचा हेलकावा बराच मोडतो. १८ ते २५ अंशांत वसाहत निवांत राहते. उबेची चटई वापरायची तर नळीच्या एकाच टोकाखाली आणि तापनियंत्रक लावूनच, म्हणजे मुंग्यांना आपली जागा निवडता येते. दुपारच्या उन्हात खिडकीत ठेवलेली नळी मात्र काही मिनिटांत भट्टी होते.

नळीतला पूर हा खास हिवाळी अपघात. राणी पकडली जाते पहिल्या पावसानंतर, दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमतात तेव्हा. नळीत मागे पाणी, मध्ये कापसाचा बोळा, पुढे राणी अशी मांडणी असते. डिसेंबरपर्यंत ते पाणी निम्मे झालेले असते आणि बोळ्यामागे हवेचा मोठा बुडबुडा तयार होतो. ५ मिलिलिटर हवा १२ वरून २८ अंशांवर गेली की सुमारे पाव मिलिलिटरने फुगते आणि तेवढेच पाणी, चार-पाच थेंब, बोळ्यातून पुढे ढकलते. सात-आठ कामकरी मुंग्यांच्या घरात ते गुडघाभर नव्हे, गळ्याइतके. अशा वेळी मुंग्या अंडी-अळ्या तोंडात धरून दाराकडच्या कापसावर चढून बसलेल्या दिसतात. उपाय साधा : थंडी सुरू होण्याआधीच ताजी भरलेली नळी जुन्या नळीला जोडावी, जुनीवरचा अंधारासाठी गुंडाळलेला काळा कागद काढावा आणि मुंग्यांना आपल्या पायांनी जाऊ द्यावे. टिचकी मारून हाकलू नये.

खाणे कमी करायचे, बंद करायचे नाही. थंडीत अळ्या वाढत नाहीत, त्यामुळे कीटकांचे मांस पडून राहते आणि बुरशी धरते. आठवड्याला झुरळाच्या पिलाचा एखादा पाय पुरतो, तोही दुसऱ्या दिवशी काढावा. साखरेचे पाणी मात्र हवेच. पोटावरचे पट्टे ताणून फाकलेले दिसले तर वसाहत धष्टपुष्ट समजावी. सगळ्या जणी राणीभोवती गोळा होऊन निश्चल बसल्या तर त्या मेल्या असे समजून नळी हलवू नये. हातात धरून थोडी ऊब दिली की मिशा हलतात.

घरातली काही विषे हिवाळ्यातच बाहेर येतात. गोधड्या-स्वेटर काढलेले कपाट अंधारे आणि उबदार, म्हणून नळीसाठी मोह होतो, पण डांबरगोळ्यांची वाफ कीटकांना मारक असते. दारे-खिडक्या बंद असल्याने डासांच्या लिक्विडचा अंशही खोलीत साचतो. शिवाय हा संत्र्यांचा मोसम. सालीच्या तेलातले लिमोनीन हे वासाचे द्रव्य मुंग्यांना विषारी आहे; संत्रा सोलून तेच हात नळीला लावू नयेत, हा नियम नागपूरबाहेर कुणाला सांगावा लागत नसेल.

महाशिवरात्रीच्या आसपास कामकरी मुंग्या साखरेच्या थेंबाकडे रांग लावू लागतात, तेव्हा मांसाचे प्रमाण हळूहळू वाढवावे. काही दिवसांत ओल्या कापसाजवळ तांदळाच्या कणीएवढ्या पांढऱ्या अंड्यांचा घोस दिसतो. थर्माकोलचा डबा मात्र टाकून देऊ नये; होळीनंतर तोच उन्हाच्या झळांपासून नळी वाचवायला लागतो.