मँटू, चामखीळ आणि हुगळीचा कैदी

४ एप्रिल १८४५. बंगालातल्या हुगळीत एका कैद्याला डॉक्टरपुढे आणलं. माधव कौरा त्याचं नाव, धंदा डुकरं विकण्याचा, शिक्षा सात वर्षांची आणि तीही रस्त्यावर राबण्याची. दोन्ही बाजूंना अंडवृद्धी झालेली. कंपनी सरकारच्या नोकरीतला स्कॉटिश सर्जन जेम्स एस्डेल यानं एका बाजूचं पाणी काढलं आणि ते पुन्हा साचू नये म्हणून आत जळजळीत औषध सोडलं. त्या काळी रीतच तशी होती. कैदी वेदनेनं वाकडातिकडा होऊ लागला. एस्डेलनं मेस्मेरिझमबद्दल, म्हणजे हात फिरवून माणसाला झोपेसारख्या अवस्थेत नेण्याबद्दल (आजच्या संमोहनाचं हे जुनं रूप), वाचलं होतं, प्रयोग मात्र कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. करून तर बघू, म्हणून त्यानं रोग्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरले आणि त्याच्या चेहऱ्यापुढून पोटापर्यंत हात फिरवत राहिला. बऱ्याच वेळानं माणूस असा निपचित झाला की टाचण्या टोचल्या, नाकाखाली अमोनिया धरला, तरी हलेना. एस्डेलनं लगेच जिल्ह्याच्या जज्जसाहेबांना आणि कलेक्टरांना साक्षीला बोलावून घेतलं.

मला या प्रसंगात ते साक्षीदार बोलावणं फार महत्त्वाचं वाटतं. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अंडवृद्धीचाच रोगी का, तर बंगालात तिची वाण नव्हती. त्यामागचं कारण आज चंद्रपूर-गडचिरोलीकडचा कुठलाही आरोग्यसेवक सांगेल: हत्तीरोग. रात्री लोक झोपायच्या वेळेला बोटाला सुई टोचून रक्त घ्यायला येणारी माणसं तिकडे सगळ्यांच्या ओळखीची आहेत, कारण या रोगाचे जंतू रात्रीच रक्तात उतरतात. एस्डेलला यातलं काहीच माहीत नव्हतं. माणसाच्या रक्तात ते जंतू टिमथी लुइसला कलकत्त्यात दिसले १८७२ मध्ये, आणि डासाच्या पोटात ते वाढतात हे पॅट्रिक मॅन्सननं चीनमध्ये दाखवलं १८७७ मध्ये. म्हणजे एस्डेल एका संसर्गाचे परिणाम कापून काढत होता आणि संसर्गाचं नाव अजून कोणाला सुचलंही नव्हतं. त्यानं पुढे काढलेल्या वृषणकोशाच्या प्रचंड गाठी हा त्याच रोगाचा प्रताप.

त्याची पद्धत दमवणारी होती. अंधाऱ्या खोलीत रोग्याला निजवायचं आणि इस्पितळातल्या कंपाउंडर-ड्रेसर पोरांनी आळीपाळीनं तासन्‌तास त्याच्या अंगावरून हात फिरवायचे, फुंकर घालायची. एकदा नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. बंगाली वैदूंची झाडफूक एस्डेलनं पाहिली होती आणि आपण करतो ते त्याहून फार निराळं नाही, हे त्यानं मोकळेपणानं लिहिलं. साहेबाकडून हे येणं विशेष.

१८४६ मध्ये सरकारनं समिती नेमली. समितीला दिसलं ते अर्धवट होतं: काही रोगी लाकडासारखे पडून राहिले, काहींचे चेहरे कापताना वेडेवाकडे झाले, हात झटकले गेले, पण जागे झाल्यावर दुखल्याचं आठवत नाही असं ते म्हणाले. मग याला वेदना झाली म्हणायची की नाही? हा प्रश्न तेव्हा सुटला नाही आणि आजही पूर्ण सुटलेला नाही. तरी त्याच नोव्हेंबरात कलकत्त्यात एस्डेलसाठी वेगळं मेस्मेरिक इस्पितळ उघडलं. पण नेमका एक महिना आधी, १६ ऑक्टोबर १८४६ ला, बॉस्टनमध्ये दंतवैद्य मॉर्टननं ईथर हुंगवून जाहीर शस्त्रक्रियेला भूल दिली होती. वर्षभरात क्लोरोफॉर्मही आलं. तासन्‌तास हात फिरवत बसण्यापेक्षा रुमालावर चार थेंब टाकणं सोपं, आणि थेंबांना रोग्याचा स्वभाव विचारावा लागत नाही. कलकत्त्याचं इस्पितळ दोन वर्षंही धड चाललं नाही.

गंमत अशी की मराठीनं अॅनेस्थेशियाला शब्द दिला तो ‘भूल’, जो मुळात चकव्याचा, मोहाचा. रानात भूल पडते आणि ऑपरेशन टेबलावर भूल देतात. इंग्रजीत वेगळे झालेले दोन धागे आपल्याकडे एकाच शब्दात राहिले.

मेस्मेरिझमवर तेव्हा विश्वास बसत नव्हता, त्याला साठ वर्षांपूर्वीचं एक जर्दाळूचं झाड कारण होतं. फ्रान्झ मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर १७७८ मध्ये पॅरिसला आला आणि अंगातून वाहणाऱ्या ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या प्रवाहानं रोग बरे करतो असं सांगू लागला. १७८४ मध्ये राजानं चौकशी लावली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये, ज्योतिर्विद झाँ-सिल्व्हाँ बायी आणि डॉक्टर गिलोटिन. पासी इथं फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं एका जर्दाळूच्या झाडाला ‘चुंबकत्व’ दिलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडापाशी नेलं. त्याला घाम सुटला, खोकला आला, डोकं दुखू लागलं, आणि चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. यातल्या एकाही झाडाला कोणी हात लावलेला नव्हता. समितीचा निष्कर्ष: प्रवाह नाही, आहे ती कल्पनाशक्ती.

आजच्या भाषेत सांगायचं तर रोग्याला अंधारात ठेवून घेतलेली ही जुन्यातली जुनी चाचणी म्हणता येईल. पण समितीनं ‘नुसती कल्पना’ म्हणून फाइल बंद केली. नुसत्या कल्पनेनं निरोगी पोरगा धाडकन बेशुद्ध कसा पडतो, हे विचारायचं राहूनच गेलं.

ते विचारलं आपल्या कांदोळीच्या माणसानं. जुझे कुस्तोदियु दे फारिया, जन्म १७५६, गोव्यातल्या बार्देशचा. पाद्री झाला, रोमला शिकला, पॅरिसला स्थिरावला. लिस्बनमध्ये राणीपुढे प्रवचन देताना त्याची बोबडी वळली, तेव्हा बापानं हळूच कोंकणीत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ म्हणून धीर दिला, ही गोष्ट गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत असते. खरी असो वा नसो, एका वाक्यानं माणसाचं अंग कसं बदलतं याचं याहून नेटकं उदाहरण फारियाच्या चरित्रात दुसरं नाही. १८१३ पासून तो पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला. त्याच्याकडे ना मेस्मरची पाण्याची टाकी होती, ना लोखंडी कांब्या. माणसाला खुर्चीत बसवायचं, मन एकाग्र करायला सांगायचं आणि ठाम आवाजात म्हणायचं, ‘झोपा!’ झोप लागते ती माझ्या शक्तीनं नाही, झोपणाऱ्याच्या ठायी असलेल्या गुणानं, असं त्याचं म्हणणं. काहींना लागते, काहींना लागत नाही, तेही त्यामुळेच. चर्चनं त्याला हिणवलं, नाटकवाल्यांनी टिंगल केली, आणि १८१९ मध्ये तो दारिद्र्यात गेला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्याचा पुतळा आहे. पुढे झुकून पसरलेले हात आणि त्याखाली कोसळणारी बाई. शिल्प म्हणून जोरदार आहे, पण शक्ती त्या हातांत नसते हेच तर फारिया जन्मभर सांगत होता.

मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडनं १८४३ मध्ये ‘हिप्नॉटिझम’ (आपलं संमोहन) हा शब्द रुळवला, फ्रान्समध्ये शार्को आणि बर्नहाइम या डॉक्टरांचं त्यावरून वाजलं (बर्नहाइमचा सूचनेवरचा भर थेट फारियाच्या वळणाचा), आणि पुढची पन्नास-साठ वर्षं हा विषय बराचसा जादूच्या खेळांत गेला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला पुन्हा दारात घेतलं ते ब्रिटनमध्ये १९५५ ला आणि अमेरिकेत १९५८ ला.

याच दशकात प्रश्न बदलला. वेदना कमी भासते हे बहुतेकांनी मान्य केलं होतं. आता विचारलं जाऊ लागलं की जखम स्वतः बदलते का? पेशी, सूज, विषाणू यांना सूचना ‘ऐकू’ येते का? न्यूयॉर्कमध्ये चॅपमन, गुडेल आणि वुल्फ यांनी १९५९ मध्ये संमोहित माणसाला सांगितलं की तुझा एक हात बधिर, लाकडाचा आहे आणि दुसरा हात नाजूक, चटकन दुखावणारा आहे. मग दोन्हींवर मोजूनमापून सारखाच चटका दिला. नाजूक म्हटलेल्या हातावर दाह जास्त झाला. त्याच वर्षी सिंक्लेअर-गीबेन आणि चामर्स यांनी चामखिळीच्या चौदा रोग्यांना सूचना दिली की फक्त एका बाजूच्या चामखिळी जातील. पुरेसं खोल संमोहन लागलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या त्या बाजूच्या गेल्या, दुसरी बाजू जशीच्या तशी. एकाच शरीरात प्रयोग आणि तुलना दोन्ही, ही कल्पना सुंदर. पण चामखीळ विषाणूची असली तरी बरेचदा आपोआपही जाते आणि रोगी चौदाच. माझ्या मते यावरून उत्सुक व्हावं, दुकान काढू नये.

१९६३ चा मँटूचा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. मँटू टेस्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक: हातावर टोचायचं, तीन दिवसांनी फुगवटा मोजायचा, मोठा आला की क्षयाची शंका. लंडनमध्ये स्टीफन ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी मँटूला फुगवटा येणाऱ्या मोजक्या माणसांना संमोहनात सांगितलं, या वेळी काही उमटणार नाही. खरंच लालसर गाठ उमटली नाही. त्यांनी तिथली कातडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा कळलं की संरक्षक पेशी नेहमीसारख्याच गोळा झाल्या होत्या. थांबलं होतं ते रक्तवाहिन्यांतून पाझरणारं पाणी. म्हणजे क्षयाच्या जंतूशी असलेली शरीराची ओळख सूचनेनं पुसली गेली नव्हती, फक्त रक्तवाहिन्यांचं वागणं बदललं होतं. पुढे १९८९ मध्ये डेन्मार्कमध्ये असा परिणाम पुन्हा दिसला, तर १९९४ मध्ये अमेरिकेत लॉक यांच्या नीट आखलेल्या चाचणीत काहीच दिसलं नाही. गाडी तिथंच अडली आहे. संमोहनानं प्रतिकारशक्ती वाढवून देतो, जंतुसंसर्ग बरा करतो, असं सांगणाऱ्यांना ही कातडीची चकती दाखवावी. सेप्सिसला, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाला, अँटिबायोटिकच लागतं.

वेदनेची बाजू मात्र भक्कम होत गेली. १९९७ मध्ये माँट्रियलला रेनव्हिल यांनी लोकांचे हात ४७ अंशांच्या पाण्यात घालायला लावले आणि संमोहनात एवढंच सांगितलं की याचा त्रास कमी वाटेल किंवा जास्त वाटेल. मेंदूच्या स्कॅनमध्ये चटक्याची नोंद घेणारा भाग फारसा बदलला नाही. त्या चटक्याचा जाच ठरवणारा पुढचा भाग बदलला. हुगळीचे रोगी तोंड वेडंवाकडं करूनही ‘दुखलं नाही’ का म्हणत असतील, याचा एक धागा इथं सापडतो.

दवाखान्यातला सगळ्यांत टिकाऊ उपयोग कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या ठिकाणी निघाला: आतड्यात. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये कशालाच दाद न देणाऱ्या आयबीएसच्या (आतड्याच्या चिवट तक्रारीच्या) तीस रोग्यांवर चाचणी घेतली. संमोहन घेतलेल्यांच्या पोटदुखीला आणि फुगण्याला बाकीच्यांपेक्षा स्पष्ट उतार पडला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००८ पासून औषधांनी वर्षभर गुण न आलेल्यांसाठी तो पर्याय सुचवला आहे. आणि बेल्जियममध्ये लिएजच्या विद्यापीठ रुग्णालयात भूलतज्ज्ञ मारी-एलिझाबेथ फेमॉनव्हिल यांनी १९९२ पासून थायरॉइडसारख्या शस्त्रक्रिया संमोहन, कापायच्या जागेपुरती भूल आणि शिरेतून थोडं गुंगीचं औषध अशा मिश्रणावर करायला सुरुवात केली. अशा शस्त्रक्रियांची संख्या पुढे हजारांत गेली. तिथं भूलतज्ज्ञ रोग्याच्या उशाशी बसून त्याला त्याच्याच आवडीच्या एखाद्या सहलीची आठवण हळू आवाजात सांगत राहतो, आणि गुंगीचं औषध कमी-जास्त करायला त्याचा एक हात मोकळा असतो.