सिगालाच्या आधी: फ्लॅमेन्को आणि हवानाचं जुनं येणंजाणं

फ्लॅमेन्को गायक दिएगो एल सिगालाचा 'लाग्रिमास नेग्रास' हा अल्बम २००३ साली आला तेव्हा बरेच लोक म्हणाले की वा, काय नवं फ्यूजन आहे, माद्रिदचा जिप्सी गायक आणि क्यूबाचा पियानो! पण नवं असं त्यात फारसं नव्हतं, दक्षिण स्पेनचं फ्लॅमेन्को संगीत आणि क्यूबाचं संगीत यांचं नातं निदान दीड-दोनशे वर्षांचं आहे.

क्यूबा १८९८ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होतं. स्पेनचं बंदर कादिझ आणि क्यूबाची राजधानी हवाना यांच्यामधे जहाजं सतत ये-जा करायची, सैनिक, खलाशी, व्यापारी सगळे, आणि त्यांच्यासोबत गाणीही. स्पॅनिशमधे या गाण्यांना नावच आहे, 'इदा इ वुएल्ता', म्हणजे जाऊन परत आलेली. त्यातला ग्वाहिरा हा प्रकार टाळी देऊन बघा: बारा मात्रा, आधी दोनदा तीन आणि मग तीनदा दोन. ही लय अंगात बसली की क्यूबाच्या शेतकऱ्यांचं गाणं आणि अंदालुसियाचं, म्हणजे दक्षिण स्पेनचं, गाणं वेगळं काढताच येत नाही.

तरी शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी या गाण्यांना कायम हलकं मानलं, कारण त्यांच्या लेखी खरं फ्लॅमेन्को म्हणजे फक्त 'कांते होंदो', काळजातून येणारं खोल गाणं. मला हे अजिबात पटत नाही. आज फ्लॅमेन्कोची ओळख झालेलं काहोन, ते बसून वाजवायचं लाकडी खोकं, मुळात पेरू देशातल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांचं, गिटारवादक पाको दे लुसियाने १९७० च्या दशकाच्या शेवटी ते फ्लॅमेन्कोत आणलं आणि आता त्याच्याशिवाय मैफल होत नाही!

आता 'लाग्रिमास नेग्रास'मधे पियानो वाजवणारा बेबो वाल्देस. १९१८ चा जन्म, हवानाचा नावाजलेला पियानोवादक, १९६० ला देश सोडला आणि पुढे स्टॉकहोममधे कित्येक वर्षं हॉटेलात पियानो वाजवत राहिला, जगाला जवळजवळ विसर पडला होता. दिग्दर्शक फर्नांदो त्रुएबाने आधी त्याला 'कॅये ५४' या २००० च्या फिल्ममधे घेतलं आणि मग सिगालासोबत बसवलं, तेव्हा बेबोने ऐंशी ओलांडली होती. शीर्षकाचं गाणं मिगेल मातामोरोसचं, निम्मं बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीत, आणि निम्मं सोन, म्हणजे क्यूबाचं नाचाचं संगीत. पियानो अगदी नीटनेटका, जागा सोडत सोडत जातो आणि वर सिगालाचा तो खरखरीत, चिरलेला आवाज, पण तो कुठेही क्यूबन व्हायला बघत नाही, स्वतःच्याच ढंगाने गातो, म्हणून तर ते इतकं लागतं.

त्यानंतर सिगालाने २०१० ला टँगो घेतला, २०१६ ला थेट साल्सा.