‘मी’चे येन आणि युरो कसे होतात?

वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये मराठीत नाव भरलं आणि पावतीवर भलतीच चिन्हं उमटली, की ऑफिसात कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मराठी फॉन्ट टाकायला हवा.’ टाकून काही होत नाही. फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. इथे चौकोन नाहीत, चांगली ठसठशीत परकी चिन्हं आहेत. त्यांना ठेकाही आहे: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एखादं चलनचिन्ह, मग तिसरंच काहीतरी, की पुन्हा तोच ए.

वेब ॲप्लिकेशनमध्ये अक्षरं प्रवास करत नाहीत, बाइट करतात. एक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला आहे. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ आले, त्यात ‘म’चा २३५०. हा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. तो कसा भरायचा याची रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या संगणकतज्ज्ञांनी ती १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली.

रीत अशी. २३५० द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिला की होतो १००१००१०१११०. डावीकडे चार शून्यं लावून १६ बिट (म्हणजे असे अंक; आठ बिटांचा एक बाइट) करायचे आणि ४-६-६ असे तुकडे पाडायचे: ००००, १००१००, १०१११०. पहिल्यापुढे १११० लावायचं, उरलेल्या दोघांपुढे १०. झाले तीन बाइट: २२४, १६४, १७४. सुरुवातीचे तीन एक सांगतात की ‘आम्ही तिघं एकत्र आहोत’. १० नं सुरू होणारा बाइट सांगतो, ‘अक्षर माझ्यापासून सुरू होत नाही’. त्यामुळे मजकूर मध्येच तुटला तरी त्या जागचं एखादं अक्षर जातं, पुढचं सगळं नीट वाचता येतं. इतक्या थोडक्यात इतकी सोय क्वचितच कोणी करून ठेवली असेल. (संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा, असा फॉरवर्ड अधूनमधून फिरतो. बाइटांच्या पातळीवर ऋचेतला ‘म’ आणि शिवीतला ‘म’ सारखेच: २२४, १६४, १७४.)

आता गंमत अशी की बाइटांवर रीतीचं नाव लिहिलेलं नसतं. ते वेगळं कळवावं लागतं. कळवलं नाही तर वाचणारा प्रोग्राम अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बऱ्याचदा विंडोज-१२५२ हा जुना पाश्चात्त्य तक्ता असतो. त्यात एक बाइट म्हणजे एक चिन्ह. २२४ म्हणजे तो तिरक्या रेघेचा ए, १६४ म्हणजे सर्वसाधारण चलनाची खूण, १७४ म्हणजे वर्तुळातला आर. दीर्घ वेलांटीचे बाइट २२४, १६५, १२८. तक्त्यात १६५ ला येन आणि १२८ ला युरो. म्हणजे ‘मी’ लिहिलं की तीन चलनचिन्हं पदरात! देवनागरीचं कुठलंही अक्षर २२४ नं सुरू होतं आणि पुढे १६४ किंवा १६५ च येतो. ठेका येतो तो यामुळे.

रीत कळवायची राहते ती ठरलेल्या ठिकाणी. पानाबरोबर सर्व्हर जी माहिती पाठवतो, तिच्यातल्या कॉन्टेंट-टाइप हेडरमध्ये ती हवी. पानाच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलच्या मेटा टॅगमध्ये देणार असाल तर तो टॅग पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवा, आणि हेडरमध्ये वेगळं काही असेल तर हेडरचंच चालतं. सर्वांत विसरलं जातं ते डेटाबेसचं कनेक्शन: टेबल बरोबर, पान बरोबर, पण जोडणी जुन्याच तक्त्यावर. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये थेट उघडली की हाच घोळ होतो. फाइलच्या आरंभी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट ठेवले तर एक्सेल तिला यूटीएफ-८ म्हणून ओळखतं.

दुरुस्तीआधी डेटाबेसमधले बाइट स्वतः पाहावेत. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्यासाठी हेक्स फंक्शन आहे, आकडे मात्र षोडशमान (सोळा अंकचिन्हांच्या) पद्धतीत मिळतात. ‘म’साठी २२४, १६४, १७४ निघाले तर माल शाबूत आहे, दाखवणारा चुकतोय. १९५, १६०, १९४, १६४, १९४, १७४ असे सहा निघाले तर चुकीनं वाचलेली तीन चिन्हं कोणीतरी पुन्हा यूटीएफ-८ करून साठवली आहेत. ही क्रिया एकदा उलटी फिरवली की ‘म’ परत मिळतो. पण आधी बॅकअप घ्या आणि दुरुस्तीची स्क्रिप्ट बिघडलेल्या ओळींवरच चालवा. धडधाकट ओळींवर चालवली तर त्याही बिघडू शकतात. साठवणीतच नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षर कायमचं गेलं.

या सगळ्यात हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी आणि जोडाक्षरात लपलेली खूण, सर्वांत नाजूक. त्याचे बाइट २२४, १६५, १४१, आणि विंडोज-१२५२ मध्ये १४१ या जागेवर चिन्हच नाही. ब्राउझर तिथे न दिसणारं नियंत्रणचिन्ह ठेवून ते सांभाळतात. काही प्रोग्राम मात्र तो बाइट टाकून देतात किंवा त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात. मग उलटी क्रिया केल्यावर ‘रमेश’ जसाच्या तसा परत येतो, पण ‘ज्ञानेश्वर’ दोन ठिकाणी तुटलेला सापडतो.