डच जोडशब्दांचे अक्षरविभाजन व उच्चार

डच भाषेत दोन वा अधिक नामे जोडून झालेला शब्द सलग, जागा न सोडता लिहितात. पदे वाढत गेली की शब्दाची लांबी नवख्याला धडकी भरवते. अपंगत्व विम्यासाठीचा ‘आर्बेइट्स-ऑन्खस्खिक्टहेइट्स-फरझेकरिंग’ हा रोजच्या व्यवहारातला शब्द रोमन लिपीत ३३ अक्षरांचा आहे. (येथे ‘ख’ म्हणजे घशात घासून निघणारा ध्वनी, ‘झ’ ‘झाड’मधला.) मराठीतल्या तत्पुरुषाप्रमाणे शेवटचे पद मुख्य असते आणि शब्दाचे लिंगही तेच ठरवते. म्हणून असा शब्द उलगडायचा तो शेवटाकडून.

उच्चारी अक्षरे (उच्चाराचे तुकडे) पाडताना साध्या शब्दात दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते. जोडशब्दात मात्र आधी पदांमधला सांधा पाहतात. ‘आव्हॉन्ट’ म्हणजे संध्याकाळ. लेखनात त्याच्या शेवटी ‘ड’ असतो, पण डचमध्ये पदान्ती घोष (‘ड’, ‘ब’सारखे मृदू) व्यंजन अघोष (‘ट’, ‘प’सारखे कठोर) होत असल्याने ‘ट’ उच्चारतात. अनेकवचनात पुढे स्वर येताच ‘ड’ परततो: आ-व्हॉन-डन. रात्रीच्या जेवणाच्या शब्दात, आव्हॉन्ट-एटन, पुढे स्वर असूनही ‘ट’च राहतो, कारण मध्ये सांधा आहे. भरभर बोलताना हा ‘ट’ पुढच्या अक्षराला चिकटतो, तरी त्याचा ‘ड’ होत नाही.

सांधा चुकला तर अर्थ बदलतो. ‘क्वार्टस्लाखन’ची फोड क्वार्ट-स्लाखन केली तर ‘पाव फेरे’, क्वार्ट्स-लाखन केली तर ‘क्वार्ट्झचे थर’. कानाला दोन्ही जवळपास सारखेच. याहून गमतीचे उदाहरण मसाजच्या पलंगाचे. तो शब्द ‘मासाझ-बेट’ असा वाचायचा, पण त्याच रोमन अक्षरांची ‘मासा-खबेट’ ही फोड सामुदायिक प्रार्थना दाखवते.

पदांमध्ये कधी ‘स’, कधी ‘अ’ वा ‘अन’ हा जोडध्वनी येतो. तो केव्हा यावा याचा पक्का नियम नाही, बराचसा भाग सवयीचा आहे. शिवाय लेखन आणि उच्चार इथे फारकत घेतात. गावातल्या रस्त्याचा शब्द ‘डॉर्प्स-स्ट्राट’ दोन ‘स’ लिहून होतो, ऐकू येतो एकच. १९९५च्या लेखनसुधारणेने पॅनकेकच्या डच नावात मध्ये ‘न’ घातला. प्रमाण बोलीत तो सहसा उच्चारत नाहीत, त्यामुळे नियम शाळकरी मुलांइतकाच प्रौढांनाही छळतो.

सांध्यावर व्यंजने एकमेकांना बदलतात. पुढे ‘ब’ किंवा ‘ड’ आला की मागचे अघोष व्यंजन घोष होते: झाक + डुक (रुमाल) याचे ‘झागडुक’. घर्षक (हवा घासून निघणाऱ्या, ‘स’, ‘फ’सारख्या) ध्वनींत उलटे घडते, मागचे अघोष व्यंजन पुढच्याला अघोष करते. विम्याच्या शब्दातला ‘फर’ मुळात ‘व्हर’ आहे. टपाल तिकिटाच्या ‘पोस्ट + झेखल’ मध्ये ‘ट’ गळून ‘पोस्सेखल’ उरते. सारखी व्यंजने एक होतात, जसे हान्ट + डुक (टॉवेल) याचे ‘हान्डुक’.

मुख्य आघात (उच्चारातला जोर) बहुधा पहिल्या पदावर, दुय्यम नंतरच्या पदावर असतो. नगरभवनाला म्हणतात त्या ‘स्टाटहाउस’मध्ये तो दुसऱ्या पदावर जातो, असे अपवाद पाठच करावे लागतात.

दोन पदांचे स्वर भिडून वाचनात घोटाळा होणार असेल तर मध्ये संयोगचिन्ह देतात, उदाहरणार्थ ‘झे-एन्ट’ (समुद्री बदक). पदे सुटी लिहिण्याच्या वाढत्या सवयीला डच लोक इंग्रजीच्या प्रभावाकडे बोट दाखवत ‘इंग्रजी रोग’ म्हणतात. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या शब्दातले पहिले पद असे तोडले, तर तो उंच धावपटू होतो.