अटलांटिकपार जायला विमान किती मोठे हवे?

मोठ्या विमानात आसनामागचा खर्च कमी पडतो, हे खरे. पण आसन विकले गेले तर. डब्लिन–हार्टफर्ड (अमेरिका) यासारख्या बेताच्या मागणीच्या मार्गावर एअर लिंगस ही आयरिश कंपनी १८४ आसनांचे ए३२१एलआर हे एअरबसचे लांब पल्ल्याचे अरुंद विमान उडवते. समजा, फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी १६० प्रवासी आले. हे विमान ८७ टक्के भरले. सुमारे ३०० आसनांचे रुंद ए३३० जेमतेम निम्मे भरले असते. इंधन, वैमानिकांचे पगार, उतरण्याचे शुल्क हा फेरीचा खर्च रिकाम्या खुर्च्यांमुळे फारसा उतरत नाही. जुलैत गणित उलटते, पण जुलै पाहून घेतलेले विमान फेब्रुवारीतही पोसावे लागते.

आकार ठरवताना खरी मेख पश्चिमेकडच्या हिवाळी फेरीत असते. ५,५०० किलोमीटरचा मार्ग आणि ताशी ८५० किलोमीटर वेग धरा. समोरून सरासरी १५० चा वारा आला की जमिनीच्या हिशेबाने वेग ७०० उरतो आणि इंधन वारा नसतानाच्या सुमारे ६,७०० किलोमीटरइतके जळते. ए३२१एलआरचा कागदावरचा पल्ला ७,४०० किलोमीटर. पर्यायी विमानतळ दूर असेल, वाट वाकडी करावी लागली, तर हा फरक पाहता पाहता संपतो. मग वजन उतरवावे लागते. सामानासह माणशी १०० किलो धरले, तर दोन टन म्हणजे २० आसने विक्रीबाहेर. जुन्या बोइंग ७५७ विमानांना अशा वाऱ्यात कॅनडातल्या गँडरला इंधनासाठी उतरावे लागल्याचे प्रसंग आहेत.

लहान विमानाचे पोटही लहान. ए३२१एलआरमध्ये सामानाच्या कप्प्यात तीनपर्यंत जादा टाक्या बसतात. तेवढी मालाची जागा जाते. आयर्लंडहून अमेरिकेला जाणाऱ्या औषधांच्या भाड्यावर डोळा असेल, तर रुंद विमानच हवे. त्याच्या आणखी लांब पल्ल्याच्या आवृत्तीत, ए३२१एक्सएलआरमध्ये, १२,९०० लिटरची टाकी धडातच बांधली आहे. आयबेरिया या स्पॅनिश कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते माद्रिद–बोस्टन मार्गावर आणले. अमेरिकी कंपन्यांना आणखी एक अडचण: दोनच वैमानिक असतील तर उड्डाण, कामावर हजर होण्याच्या वेळेनुसार, आठ किंवा नऊ तासांत संपले पाहिजे. तिसरा घेतला की त्याच्या विश्रांतीसाठी जागा द्यावी लागते, आणि लहान विमानात ती सहसा विकाऊ आसनांतूनच जाते.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर मात्र हिशेबच वेगळा. दोन धावपट्ट्या, वर्षाला ४,८०,००० उड्डाणे-अवतरणांची मर्यादा. स्लॉट, म्हणजे उड्डाणाची किंवा उतरण्याची ठरलेली वेळ, मिळत नाही, म्हणून एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त माणसे बसवायची. ब्रिटिश एअरवेजची ४६९ आसनी दुमजली ए३८० त्यामुळेच टिकून आहेत. तरी लंडन–न्यूयॉर्कवर एका अजस्र फेरीपेक्षा दिवसभरात विखुरलेल्या अनेक मध्यम फेऱ्या कंपन्यांना परवडतात. कामासाठी जाणारा प्रवासी महाग तिकीट घेतो ते सोयीच्या वेळेसाठी.

ब्रिटिश एअरवेजनेच २००९ ते २०२० दरम्यान दुसरे टोकही गाठले होते: लंडन सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला ३२ आसनांचे ए३१८, सगळी बिझनेस वर्गाची. तिथली धावपट्टी सुमारे १,५०० मीटरची, त्यामुळे पुरेसे इंधन घेऊन उडणे अशक्य. जाताना विमान आयर्लंडमधल्या शॅननला उतरे, आणि टाक्या भरेपर्यंत प्रवाशांची अमेरिकी इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकली जाई. येताना वारा पाठीशी, थांबा नाही.