कोमोरोसकडे गोलरक्षकच नव्हता?

कोमोरोस या चिमुकल्या बेटराष्ट्राचा फुटबॉल संघ गोलरक्षकाविनाच मोठ्या स्पर्धेला गेला, असं अजूनही सांगतात. साफ चूक. २०२२ मध्ये कॅमेरूनला झालेल्या आफ्रिकन नेशन्स कपला त्यांनी तीन गोलरक्षक नेले होते. घानाला ३-२ असं हरवताना बेन बोइनाचा खांदा दुखावला; बाकी दोघांना कोरोनानं गाठलं. अली अहमदाची चाचणी सामन्याच्या दिवशी निगेटिव्ह आली, तरी विलगीकरणाच्या नियमानं त्याला खेळू दिलं नाही. हे मला आजही खटकतं. म्हणून २४ जानेवारीला यजमानांसमोर डावा बचावपटू शाकेर अलहदूर गोलमध्ये उभा राहिला, पाठीवर चिकटपट्टीनं केलेला ३ आकडा घेऊन. त्यात ७व्याच मिनिटाला कर्णधाराला रेड कार्ड! तरी हरले २-१ नेच. आणि कोमोरोसच्या म्चांगामाची ती लांबवरची फ्री किक, काय गोल होता!