रोजगाराधारित पुनर्वसन (कोकण किनारा)

आजारपण, वैधव्य, अपघात, नोकरी सुटणे किंवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे विस्कटलेला संसार मिळकतीच्या कामाचा आधार देऊन पुन्हा उभा करण्याच्या प्रक्रियेस रोजगाराधारित पुनर्वसन म्हणतात. रोख मदतीने त्या आठवड्याची चूल पेटते. नेमाचे काम मिळाले की दिवसाला घडी बसते, दुकानदार उधारी देऊ लागतो आणि गावकीत माणसाच्या शब्दाला पुन्हा वजन येते.

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हा प्रश्न मुंबईशी जोडलेला आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांत कोकणातून गेलेल्यांचा भरणा मोठा होता. गिरण्या बंद पडत गेल्या तशी मनीऑर्डरवर चालणारी घरे उघडी पडली. साचा (गिरणीतला कापड विणण्याचा माग) चालवणारे हात गावी परतले, पण गावी साचा नव्हता.

महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा 1977 चा. 1990 मध्ये या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. खड्डे खणण्यापासून पुढच्या निगराणीपर्यंतची मजुरी मालकाला स्वतःच्याच रानात मिळू लागली. खचलेल्या कुटुंबासाठी ही मांडणी विशेष मोलाची ठरते, कारण झाड सवडीने वाढते आणि भूक मात्र रोज लागते. काजूच्या कलमाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात, हापूसला त्याहून अधिक. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, तेव्हा या अंतराची जाणीव सर्वांनाच झाली. नव्या पोफळीला सुपारी लागेपर्यंतची सहा-सात वर्षे वाडीवाल्याने काय खायचे, याचे उत्तर एकदाच मिळणाऱ्या नुकसानभरपाईत नसते.

बागेची वाट पाहणे ज्यांना शक्य नाही, अशा स्त्रियांना सिंधुदुर्ग व रत्नागिरीतील काजू कारखाने जवळचे वाटतात. वाफवून गार केलेली बी हाता-पायाने चालणाऱ्या यंत्रात धरून फोडायची, गर अखंड बाहेर काढायचा, वाळल्यावर चाकूच्या टोकाने त्याची तांबूस साल सोलायची, असे हे काम आहे. टरफलातील चिकाने कातडी भाजते, म्हणून बायका हातांना तेल किंवा राख चोळून बसतात. मजुरी बहुधा किलोवर ठरते. अखंड गराला तुकड्यापेक्षा जास्त भाव असल्याने नवखीच्या हातून फुटलेला प्रत्येक गर नुकसानीचा ठरतो आणि सुरुवातीच्या आठवड्यांत तिच्या पदरात फार थोडे पडते. नवरा नुकताच गेलेली बाई नेमकी याच काळात काम सोडते. त्यामुळे शिकाऊ काळात ठरावीक रोज देणे हा प्रशिक्षणाचाच भाग मानायला हवा.

किनाऱ्यावरील कामांना ऋतूची बंधने आहेत. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिकी मासेमारी बंद असते. मासे खारवणाऱ्या-वाळवणाऱ्या स्त्रियांचे कामही तेव्हा थंडावते. महिला आर्थिक विकास महामंडळ (1975) आणि उमेद अभियान (2011) यांच्या बचत गटांतून मिळणारे कर्ज अशा वेळी जोडधंद्याला उपयोगी पडते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत एका बचत गटाच्या स्त्रियांनी होडीतून कांदळवन सफर सुरू केली. घराजवळची, रोज पाहिलेली खाडी दाखवण्याचे हे काम त्यांना परके वाटले नाही, आणि त्याच्या यशाचे मोठे कारण हेच असावे.

सर्वांत चिवट अडचण सामाईक सातबाऱ्याची आहे. एकाच उताऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची, मुंबईकरांची, कधी मृतांचीही नावे असतात. वाडी शिंपणाऱ्या विधवेचे नाव त्यात नसले, तर अनुदानाच्या अर्जासाठी तिला प्रत्येक हिस्सेदाराच्या संमतीपत्रामागे फिरावे लागते. वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात तिच्यासोबत जाणारा माणूस देणे हेही म्हणूनच रोजगार साहाय्यातच मोडते.